गोळी लागू पडेनाशी होते तेव्हा

(प्रस्तावना)

उन्हाळी लागणे हे दुखणे मंठा तालुक्यात कुणाला नवे नाही. कापूस वेचायला, सोयाबीन काढायला किंवा उसाच्या फडावर जाणाऱ्या बायकांना दिवसभर आडोसा मिळत नाही. म्हणून त्या पाणीच कमी पितात, लघवी तासन्‌तास दाबून ठेवतात आणि मग जळजळ सुरू होते. मेडिकलमधून चार गोळ्या आणायच्या, दोन दिवसांत उतार पडायचा, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. आता मात्र डॉक्टरांच्या कानावर एक तक्रार वरचेवर पडते: गोळी लागू पडेना. मग गोळी बदलते, गोळीचे इंजेक्शन होते, इंजेक्शनची सलाईन होते आणि तरी ताप हटत नाही. ही पुस्तिका त्या लागू न पडणाऱ्या गोळीविषयी आहे. ती तालुक्यातले डॉक्टर, मेडिकलवाले, परिचारिका आणि आशाताई यांच्यासाठी लिहिली असली, तरी घरात एखादे म्हातारे माणूस किंवा तान्हे बाळ असलेल्या कुणालाही ती वाचता यावी, असा प्रयत्न आहे.

या दुखण्यामागचे जंतू कुठून परगावाहून आलेले नसतात. ई. कोलाय आणि क्लेबसिएला ही त्यांतली दोन मुख्य नावे. त्यांचा मुक्काम आपल्याच आतड्यात असतो. ई. कोलाय तर बाळ जन्मल्यावर थोड्याच दिवसांत तिथे वस्तीला येतो आणि बहुतेकांच्या पोटात जन्मभर कसलाही त्रास न देता राहतो. जागा सोडली की मात्र तोच जंतू घात करतो. मूत्रमार्गात गेला तर उन्हाळी, मूत्रपिंडापर्यंत चढला तर थंडी वाजून ताप, रक्तात शिरला तर जीवावरचे दुखणे. नवजात बाळाचे सेप्सिस, ऑपरेशनच्या जखमेतला पू, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचा न्यूमोनिया या सगळ्यांत हेच घराणे पुन्हा पुन्हा भेटते. २०२२ साली ‘लान्सेट’मध्ये जगभराचा हिशेब प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट १२ लाख ७० हजार माणसे दगावली. त्या मृत्यूंमागच्या जंतूंच्या यादीत पहिले नाव ई. कोलायचे होते.

या पुस्तिकेचे म्हणणे एकाच वाक्यात सांगायचे तर असे: दवाखान्यातला निगरगट्ट जंतू आणि गावातला निगरगट्ट जंतू हे दोन वेगळे जंतू नाहीत. मोठ्या रुग्णालयातले डॉक्टर म्हणतात, रुग्ण खेड्यातून हे घेऊन येतात. खेड्यातली माणसे म्हणतात, मोठ्या दवाखान्यात गेलो आणि तिथून लागण झाली. दोघांचेही खरे आहे.

समजा, तळणीकडच्या एका पन्नाशीतल्या, मधुमेह असलेल्या बाईंना उन्हाळी लागली. आधी त्यांनी घरात शिल्लक असलेल्या दोन गोळ्या घेतल्या. मग मंठ्याला येऊन मेडिकलमधून पट्टी कापून चार गोळ्या नेल्या. ताप चढला तेव्हा खासगी दवाखान्यात सलाईन लागली आणि सलाईनमधून तिसऱ्या पिढीचे सेफालोस्पोरिन हे अँटिबायोटिक गेले. तरी उतार पडेना म्हणून साठेक किलोमीटरवरच्या जालन्याला नेले. तिथे लघवीची नळी बसली. पुढे गुंतागुंत वाढली तर जालन्याहून आणखी तेवढेच अंतर काटून छत्रपती संभाजीनगरची घाटी, म्हणजे तिथले सरकारी रुग्णालय. या सबंध प्रवासात त्यांच्या पोटात चार-पाच प्रकारची अँटिबायोटिक्स गेली. प्रत्येक औषधाने आतड्यातले साधे, औषधाला बळी पडणारे जंतू मारले आणि जे तगले त्यांना मोकळे रान दिले. आठवड्याभराने बाई बऱ्या होऊन घरी आल्या. पण त्यांच्या आतड्यातली वस्ती आता पूर्वीची राहिली नाही. ती तशीच महिनोन्‌महिने राहू शकते. घरात स्वयंपाक त्याच करतात, नातवाला त्याच भरवतात. तो नातू उद्या आजारी पडला तर त्याच्या ‘गावातल्या’ दुखण्यात दवाखान्यातला जंतू निघेल, आणि त्याला ॲडमिट केले की गावातला जंतू दवाखान्यात पोहोचेल.

यात आणखी एक खोड आहे. हे जंतू औषधाला तोंड देण्याची युक्ती फक्त पोराबाळांना वारशाने देत नाहीत, शेजाऱ्यालाही देतात. जालना हा बियाण्यांचा जिल्हा. एकाच्या रानात एखादे वाण जोमदार आले की पुढच्या हंगामात शेजारच्या चार रानांत तेच दिसते. जंतूंमध्येही गुणांची अशीच देवघेव चालते. प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर ही युक्ती लिहिलेली असते आणि ते कडे एका जंतूकडून दुसऱ्याकडे, अगदी ई. कोलायकडून क्लेबसिएलाकडेही जाते. १९५०च्या दशकात जपानमध्ये आमांशाच्या साथींत एकाच वेळी अनेक औषधांना दाद न देणारे जंतू सापडू लागले. रुग्णाच्या आतड्यातले निरुपद्रवी ई. कोलाय आमांशाच्या जंतूंना ही शिदोरी पुरवतात, हे तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. आतडे ही या देवाणघेवाणीची मोठी जागा आहे, हे तेव्हापासून ठाऊक आहे.

पुढचा इतिहास म्हणजे औषध आणि जंतू यांची चढाओढ. अँपिसिलिन आले, जंतूंनी ते तोडणारे एन्झाइम तयार केले. सेफालोस्पोरिनच्या नव्या पिढ्या आल्या, तर त्यांनाही कातरणारी ईएसबीएल नावाची एन्झाइम्स आली. त्यांपैकी आज जगभर सर्वांत जास्त पसरलेले सीटीएक्स-एम-१५ हे एन्झाइम पहिल्यांदा ओळखले गेले ते १९९९ साली नवी दिल्लीत मिळालेल्या नमुन्यांतून. मग डॉक्टर कार्बापेनेम गटाकडे वळले. मेरोपेनेम, इमिपेनेम ही त्यातली नावे. आयसीयूतल्या बोलीत ‘मेरो’. ही शेवटची तटबंदी मानली जात होती. तिलाही खिंडार पडले.

ते खिंडार पडल्याच्या सुरुवातीच्या पुराव्यांतला एक मुंबईचा आहे. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००९च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात कार्बापेनेमला न जुमानणारे, आतड्यातल्या घराण्याचे २४ जंतू तपासले. त्यांपैकी २२ जंतूंमध्ये एनडीएम-१ हे एन्झाइम तयार करणारे जनुक निघाले. मार्च २०१०मध्ये हा निबंध भारतीय फिजिशियनांच्या ‘जॅपी’ या नियतकालिकात आला. त्याच अंकात चेन्नईचे डॉ. अब्दुल गफूर यांनी अँटिबायोटिकचा मृत्युलेखच लिहिला. तेव्हा त्याचा फारसा गवगवा झाला नाही. गवगवा झाला तो पाच महिन्यांनी, ‘लान्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये चेन्नईतले ४४, हरियाणातले २६ आणि ब्रिटनमधले ३७ असे जंतू मोजून दाखवले गेले तेव्हा. एन्झाइमच्या नावातल्या ‘एनडी’त नवी दिल्लीचे नाव का घातले आणि भारतात स्वस्तात ऑपरेशन करायला येणाऱ्या परदेशी रुग्णांना घाबरवायचा हा डाव आहे का, यावर संसदेपर्यंत गदारोळ झाला. त्या गदारोळात निबंधातला सर्वांत महत्त्वाचा तपशील मागे पडला: चेन्नई आणि हरियाणातले बरेचसे जंतू गावा-घरात झालेल्या संसर्गांतून आले होते. त्यात साध्या मूत्रमार्गाच्या संसर्गांचाही समावेश होता. जंतू आयसीयूच्या दाराबाहेर केव्हाच पडला होता.

एप्रिल २०११मध्ये याच विषयावर आणखी एक अभ्यास आला. नवी दिल्लीतल्या नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी दोनांत आणि रस्त्याकडेला साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत एनडीएम-१चे जनुक सापडले. पुढे २०१७ साली डच प्रवाशांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दक्षिण आशियात फिरून परतलेल्या निरोगी प्रवाशांपैकी ७५ टक्के लोकांनी ईएसबीएलवाले जंतू आपल्या आतड्यात सोबत नेले होते. त्यांतले बहुतेक दवाखान्यातही गेले नव्हते. बहुतेकांच्या पोटात नुसते इथले अन्न-पाणी गेले होते. चार दिवसांच्या पाहुण्याची ही गत असेल, तर जन्मभर इथेच राहणाऱ्यांचे काय, हा हिशेब करायला शास्त्रज्ञ लागत नाही. मराठवाड्यात त्यात टंचाईची भर पडते. २०१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्याने काय भोगले ते इथल्या माणसाला सांगायला नको. टँकर येतो तेव्हा हंडा भरण्याची घाई असते. ते पाणी प्यायला पुरले तरी पुष्कळ, हात धुवायला कुठून आणायचे?

आता आकड्यांकडे येऊ. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, हिने २०१३ साली देशातल्या मोठ्या रुग्णालयांचे जाळे उभारून जंतूंच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. त्या अहवालांनुसार इमिपेनेमला दाद देणाऱ्या ई. कोलायचे प्रमाण २०१७ मध्ये सुमारे ८१ टक्के होते, ते २०२३ मध्ये ६३ टक्क्यांच्या आसपास आले. क्लेबसिएलाची अवस्था त्याहून वाईट आहे. हे आकडे वाचून मंठ्यातला डॉक्टर घाबरला आणि साध्या उन्हाळीलाही एकदम वरच्या दर्जाचे इंजेक्शन देऊ लागला, तर ती मोठी चूक ठरेल. कारण हे आकडे मोठ्या रुग्णालयांतले आहेत. तिथे पोहोचणारा रुग्ण आधी चार ठिकाणी औषधे घेऊन आलेला असतो. गावातल्या पहिल्यांदाच उन्हाळी लागलेल्या तरुणीच्या जंतूवर नायट्रोफ्युरँटॉइनसारखे १९५०च्या दशकातले जुने, स्वस्त औषध आजही बऱ्याचदा काम करते. पण ‘बऱ्याचदा’ म्हणजे किती? हे सांगणारा आकडा तालुक्याच्या पातळीवर निघत नाही. त्यामुळे इथला डॉक्टर एकतर मुंबई-दिल्लीच्या आकड्यांवर चालतो, नाहीतर औषध कंपनीच्या प्रतिनिधीच्या सांगण्यावर.

आकडा निघत नाही, कारण कल्चर होत नाही. कल्चर हा शब्द रुग्णांनाही आता ठाऊक आहे, पण त्यात नेमके काय करतात ते पाहण्यासारखे आहे. सुरुवातीची धार सोडून मधली लघवी निर्जंतुक डबीत घेतात. लॅबमध्ये तारेच्या बारीक कडीने तिचा थेंब मॅकॉन्की आगारच्या बशीवर रेघोट्या ओढून पसरतात आणि बशी शरीराच्या तापमानाला रात्रभर ठेवतात. सकाळी ई. कोलायचे सपाट, कोरडे, गुलाबी ठिपके उगवलेले असतात. क्लेबसिएलाही गुलाबीच, पण फुगीर आणि बुळबुळीत. त्यातला एक ठिपका उचलून दुसऱ्या बशीवर सारखा पसरतात आणि वर वेगवेगळ्या औषधांच्या छोट्या कागदी चकत्या ठेवतात. तिसऱ्या दिवशी ज्या चकतीभोवती स्वच्छ, रिकामे वर्तुळ दिसते ते औषध लागू पडणार. जिच्या कडेपर्यंत जंतू भिडले ते औषध देऊन उपयोग नाही. वर्तुळाची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजतात आणि रिपोर्टवर औषधाच्या नावापुढे ‘एस’ किंवा ‘आर’ लिहितात.

यंत्र महाग नाही, विद्या अवघड नाही. अडचण आहे ती वेळेची आणि अंतराची. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे दोन तासांत चौसष्टपट. लघवीची डबी दोन तासांत लॅबमध्ये किंवा फ्रीजमध्ये गेली पाहिजे. मे महिन्यात मंठ्याहून वाटूर फाट्यामार्गे जालन्याला एसटीने निघालेल्या डबीत काय होत असेल, ते यावरून ताडावे. त्यात रिपोर्ट येईपर्यंत दोन-तीन दिवस जातात. रोजंदारी बुडवून आलेला रुग्ण तेवढा थांबत नाही आणि डॉक्टरालाही पहिल्या दिवशी काहीतरी लिहून द्यावेच लागते. अंदाजाने औषध देण्यात गैर काही नाही, सगळे जग तेच करते. फरक एवढाच की कल्चर झालेले असेल तर तिसऱ्या दिवशी अंदाज दुरुस्त करता येतो, जड औषध थांबवून हलके देता येते. कल्चर नसेल तर अंदाज चुकल्यावर पुढचा अंदाज त्याहून जड औषधाचा असतो.

औषध वाया जाण्याचा एक मोठा रस्ता मात्र उन्हाळीचा नाही, जुलाबाचा आहे. बहुतेक जुलाबांना अँटिबायोटिक लागतच नाही. ओआरएस आणि मुलांसाठी १४ दिवस झिंक, एवढे पुरते. तरीही ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी आपल्याकडे जुलाबाची गोळी म्हणूनच ओळखली जाते. ती गोळी पोटात ज्या जुलाबासाठी जाते, त्याच्यावर तिचा बहुधा काहीच परिणाम होत नाही. परिणाम होतो तो आतड्यातल्या कोट्यवधी निरपराध जंतूंवर, आणि त्यांच्यातल्या निगरगट्टांची निवड होते. ‘कोर्स पूर्ण करा’ ही आपली आवडती सूचनाही म्हणूनच थोडी तपासून घ्यायला हवी. क्षयरोगात ती अक्षरशः पाळलीच पाहिजे. पण आतड्यातल्या जंतूंच्या बाबतीत जितके जास्त दिवस औषध, तितकी निवड जास्त. अनेक साध्या संसर्गांना पूर्वीपेक्षा छोटे कोर्स पुरतात, हे गेल्या काही वर्षांत सिद्ध झाले आहे. रुग्णाने आपल्या मनाने औषध सोडू नये आणि डॉक्टरने गरजेपेक्षा जास्त दिवस लिहू नये, ही दोन्ही वाक्ये एकत्र सांगायला हवीत. मुळात सुरूच करायला नको होता तो कोर्स पूर्ण केल्याने कुणाचेच भले होत नाही.

कायदा आहे. १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ लागू झाली. तिसऱ्या-चौथ्या पिढीची सेफालोस्पोरिन्स आणि कार्बापेनेम त्यात आली. चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत, चिठ्ठीवर विकली की डॉक्टरचे, रुग्णाचे आणि औषधाचे नाव रजिस्टरमध्ये लिहायचे, ते रजिस्टर तीन वर्षे जपायचे. कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी मिसळले जाणारे कोलिस्टिन सरकारने जुलै २०१९ मध्ये बंद केले. कार्बापेनेमही हरल्यावर माणसासाठी हाती राहणाऱ्या मोजक्या औषधांपैकी हे एक, आणि तेही मूत्रपिंडाला जड. मेडिकलवाल्यांवर खापर फोडणे सोपे आहे, पण या पुस्तिकेने तो मार्ग धरलेला नाही. रात्री दहाला फणफणलेले मूल घेऊन आई समोर उभी असते तेव्हा गावात जागे असलेले शेवटचे आरोग्य केंद्र म्हणजे ते मेडिकलच असते. त्या वेळी काय द्यावे, काय देऊ नये आणि कोणत्या लक्षणाला ताबडतोब दवाखान्यात पाठवावे, याचे साधे कोष्टक एका प्रकरणात दिले आहे.

दवाखान्यांसाठीचे प्रकरण लहान आहे, कारण त्यातल्या गोष्टी जुन्याच आहेत. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुणे. लघवीची नळी गरज संपली की त्याच दिवशी काढणे, कारण नळी राहिलेल्या प्रत्येक दिवसामागे संसर्गाचा धोका ३ ते ७ टक्क्यांनी वाढतो. प्रसूतिगृहात नाळ स्वच्छ ठेवणे. यात पैसा कमी आणि शिस्त जास्त लागते.

यात पणाला काय लागले आहे, हे पाहायला गडचिरोलीकडे बघावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाचे सेप्सिस ओळखायला आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन, को-ट्रायमोक्साझोलचे औषध द्यायला शिकवले. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ‘लान्सेट’मध्ये आलेले हे काम पुढे देशभरच्या आशा कार्यक्रमाला वाट दाखवणारे ठरले. गावातली थोडीफार शिकलेली बाई जीव वाचवू शकली, कारण तिच्या हातातले स्वस्त औषध लागू पडत होते. ते लागू पडेनासे झाले तर शहरातल्या श्रीमंताला पर्यायी औषध मिळेल, महाग का होईना. हेलसच्या किंवा तळणीच्या बाळाला मिळणार नाही. जंतूंची ही बंडखोरी सगळ्यांना सारखी भोवत नाही. जिथे पर्याय नाही तिथे आधी भोवते.

नव्या औषधांची आशा धरायला हरकत नाही. जालन्याहून घाटीकडे जाणारी रुग्णवाहिका चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीवरूनच जाते. तिथल्या वोक्हार्टच्या संशोधन केंद्रात झिडेबॅक्टम नावाचा रेणू घडवला गेला. सेफेपीमशी त्याची जोडी एनडीएमवाल्या जंतूंनाही नमवते आणि मानवी चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेली आहे. मराठवाड्याला याचा अभिमान वाटावा. पण आजवर एकही अँटिबायोटिक असे आले नाही ज्यावर जंतूंनी तोड काढली नाही. नवे औषध किती वर्षे टिकेल ते शोधणाऱ्याच्या हुशारीपेक्षा वापरणाऱ्याच्या संयमावर ठरते.

शेवटी एक मागणी, आणि ती मोठी नाही. जालन्यात २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अशा महाविद्यालयाला सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग असतोच. मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी या तालुक्यांतून बर्फाच्या डब्यातून ठरलेल्या वारी नमुने तिथे जावेत. वर्षभराच्या निकालांचे एकच पान दर जानेवारीत काढावे: आपल्या जिल्ह्यात उन्हाळीच्या जंतूवर कोणते औषध शंभरातल्या किती जणांना लागू पडते. ते पान दवाखान्यातल्या टेबलाच्या काचेखाली आणि मेडिकलच्या काउंटरमागे लागले, की या पुस्तिकेची सुधारित आवृत्ती काढावी लागेल. तिच्यातले मुंबई-दिल्लीचे आकडे वगळून तिथे मंठ्याचे छापता येतील.